नानांनी खाली घेतलेला हात

पाटसला कारखान्याकडे वळणाऱ्या उसाच्या ट्रॅक्टरांमागे माझी गाडी अडकली होती, तेव्हा घरून फोन आला. बायको एवढंच म्हणाली, "परत फिरा. नाना गेले." मी त्यांनाच बघायला दौंडच्या दवाखान्यात निघालो होतो. खरं तर दोन दिवस आधीच निघायला हवं होतं. छातीत दुखतंय म्हणून त्यांना सोमवारी दौंडला नेलं आणि मी बाहेर पडलो बुधवारी. मधल्या दोन दिवसांत मला काही काम होतं अशातला भाग नाही. मी तयारी करत होतो. त्यांच्या खाटेजवळ बसून काय बोलायचं, सुरुवात कुठून करायची, 'चुकलो' हा शब्द पहिल्या वाक्यात घ्यायचा की शेवटच्या... कॉलेजात वक्तृत्व स्पर्धेआधी करायचो ना, अगदी तशी. मागच्या एसटीने हॉर्न वाजवला, पुढची ट्रॉली हलली आणि मला गाडी पुढे घ्यायची की मागे वळवायची तेच सुचेना. याला आता सहा आठवडे होतील.

नाना म्हणजे बिरूनाना. घोड नदीच्या काठाला, इनामगावच्या अलीकडे आमची जमीन आहे आणि तिच्या बांधाला लागून त्यांची. जातीने धनगर. त्यांच्या वडिलांच्या वेळेपर्यंत दिवाळी झाली की सगळं घरदार मेंढरांबरोबर कोकणात उतरायचं. नानांनी तरुणपणी ते केलं, मग विहीर पाडली, थोडी बागायत केली आणि घर एका जागी बसवलं. मेंढरं मात्र पाच-दहा का होईना ठेवलीच. मी ब्रॉयलर कोंबड्यांच्या दोन शेड उभ्या केल्या तेव्हा बघायला माणूस हवा होता. नाना आणि त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, दोघंही आली. नऊ वर्षं त्यांनी माझ्या शेड सांभाळल्या आणि त्यातली जवळजवळ सगळी वर्षं आमचा वाद चालू होता. मी पुण्यात एक वर्ष कायद्याचा अभ्यास करून तो सोडून दिला होता. गावात ते सगळे विसरले, नाना विसरले नाहीत. ते मला 'वकील' म्हणत आणि अरे-तुरे करत. मला चड्डीत बघितलेला माणूस, त्यांनी दुसरं काय म्हणायचं!

वाद पहिल्याच दिवशी सुरू झाला. कंपनीची गाडी पिल्लं टाकून गेली होती आणि मी नानांना रुबाबात सगळं समजावत होतो : कंपनी पिल्लं देते, खाद्य देते, औषध देते, आपण चाळीस-एक दिवस वाढवायची, मग व्यापाऱ्याची गाडी येते आणि माल उचलते. त्या उचलण्याला 'लिफ्टिंग' म्हणतात. नानांनी भाताच्या तुसावर चिवचिवणारा तो पिवळा ढीग बराच वेळ बघितला आणि म्हणाले, "ह्याला माल म्हनू नगंस." मी म्हटलं, सगळेच म्हणतात. "म्हनू देत. माल म्हनलं की हात आपोआप दांडगा हुतो."

मला वाटलं, सापडला माणूस कैचीत. मी विचारलं, "नाना, तुम्ही मेंढे यवतच्या बाजारात विकता. ते काय पूजेला जातात? आणि मटण तर माझ्यापेक्षा तुम्हीच जास्त खाता." त्यावर ते हसले. "इकतो. खातो. कोन न्हाई म्हनतंय? मरायचं तर हायेच त्याला. पन मरायच्या आधी जगायचं बी हाय का न्हाई त्याला? तेवढं तरी नीट जगू दे." मेंढा विकताना त्यांची एक रीत होती. गिऱ्हाइकाच्या हातात दोरी देण्याआधी ते त्याला पाणी पाजत. पितो की नाही ते बघत उभे राहत. एकदा बाजारात एकाने घाई केली आणि मेंढ्याचे चारी पाय बांधून त्याला मोटरसायकलवर आडवा टाकायला लागला, तर नानांनी सौदा मोडला आणि मेंढा परत आणला. आठवडाभर मी त्यावरून त्यांची चेष्टा केली. "आता या मेंढ्याला पेन्शन सुरू करा," म्हणालो. पुढच्या बाजारी त्यांनी तोच मेंढा दुसऱ्याला विकला, टेम्पोतून जाणार याची खात्री करून.

शेडमध्ये दर बॅचला काही पिल्लं लंगडी निघतात, काहींची मान वाकडी. ती वाढत नाहीत, खाद्यापर्यंत पोचत नाहीत, बाकीची त्यांना तुडवतात. बहुतेक ठिकाणी ती उचलून मागच्या खड्ड्यात टाकतात. जिवंतच. दोन दिवसांनी कधी तरी आवाज थांबतो. मीही पहिल्या बॅचला तेच केलं, तिकडे न बघता. नानांनी ते बघितलं आणि बंद केलं. ते असं पिल्लू उचलत, शेडच्या पलीकडे बाकीच्यांना दिसणार नाही अशा जागी नेत, डाव्या हाताने त्याचे डोळे झाकत आणि उजव्या हाताने एका झटक्यात त्याला मोकळं करत. क्षणभराचं काम. मी एकदा म्हटलं, "तुम्ही एवढे दयाळू, आणि मारता तुम्हीच?" तेव्हा ते पहिल्यांदा चिडल्यासारखे झाले. "तू टाकून देतोस आन् तुला वाटतं तू मारलं न्हाईस," म्हणाले. मी काहीतरी तर्कट उत्तर दिलंच. उचलली जीभ लावली टाळ्याला, माझी जन्माची खोड.

त्यांना वाद घालता यायचा नाही, हे मला फार लवकर कळलं होतं. मी मुद्दे काढायचो : शेतकऱ्याला परवडलं पाहिजे, लोकांना स्वस्त खायला मिळालं पाहिजे, कोंबडीला माणसासारखं दुःख होतं याला पुरावा काय. ते एखादंच वाक्य बोलत आणि कामाला लागत. ते लहान असताना इनामगावला उत्खनन चालू होतं, तिथे ते मेंढरं घेऊन जायचे. फार जुन्या लोकांच्या चुली, भांडी आणि त्यांनी खाल्लेल्या जनावरांची हाडं निघत होती. शहरातून आलेली मुलं ती हाडं कुंचल्याने हळूहळू साफ करून कापसात ठेवायची. एकदा माझ्या शेडवर लिफ्टिंग चालू होतं. पकडणारे गडी एका हातात पाच-पाच कोंबड्या एकेका पायाला धरून उलट्या लोंबकळवत आणत होते आणि पिंजऱ्यात भिरकावत होते. एकीचा पाय मोडल्याचा आवाज आम्हा दोघांना ऐकू आला. नाना म्हणाले, "वकील, मेलेल्या हाडाला कुंचला आन् जित्या हाडाला ही तऱ्हा?"  अडचणीत आलो की मी विषय बदलतो. मी गड्यांना चहा सांगितला.

नाना स्वतः पकडायला लागले तर एका हातात दोनच पक्षी घेत, दोन्ही पाय एकत्र धरून, छातीला आधार देऊन. त्यांचा एक पिंजरा भरेपर्यंत बाकीच्यांचे तीन होत. गडी त्यांना हसायचे. नाना त्यांच्यावर कधी ओरडले नाहीत. "त्यांना गाडी भरून पुढच्या गावाला जायचंय, त्यांची काय चूक," म्हणायचे, "चूक आपली, आपन उभं राहून बघतो त्याची."

तीन वर्षांपूर्वी त्यांचे गुडघे गेले. उरलेल्या मेंढ्या विकायला आम्ही माझ्या पिकअपमधून यवतला गेलो. येताना पारगावच्या पुलाच्या अलीकडे त्यांनी गाडी थांबवायला सांगितली. भीमेला पाणी होतं. दुपारची वेळ. आयुष्यात पहिल्यांदा घरात एकही मेंढी नाही, असा तो दिवस होता. मी त्यांना बोलू दिलं. बोलू दिलं म्हणजे काय... मला सुचलंच नाही काही.

त्यांनी सांगितलं ते असं. त्यांच्या वाड्याची, म्हणजे मेंढरांच्या तळाची, एक रीत होती. घाटात एखाद्या जनावराचा पाय मोडला आणि ते चालू शकत नसलं, तर ज्याच्या राखणीत ते असेल त्यानेच ते स्वतःच्या हाताने कापायचं. दुसऱ्यावर ढकलायचं नाही आणि मागे जिवंत तर सोडायचंच नाही. नाना सोळा-सतरा वर्षांचे असताना त्यांच्या राखणीतल्या मेंढीचा पाय मोडला. वडील म्हणाले, तू मागं थांब, उरकून ये. नानांच्याने सुरी चालवेना. ती मेंढी त्यांनी स्वतः बाटलीने दूध पाजून वाढवलेली. त्यांनी तिला झाडाच्या सावलीत नेलं, समोर पाला टाकला, जवळच्या खोपटातून मडक्यात पाणी आणून ठेवलं आणि पळत तळावर जाऊन सांगितलं, कापली. मटण कुठंय, विचारल्यावर म्हणाले, तिथल्या लोकांना देऊन टाकलं. "मला वाटलं म्या लई दया केली," नाना म्हणाले. रात्रभर त्यांना झोप लागली नाही. सकाळी कुणाला न सांगता ते परत गेले. मेंढी जिवंत होती. कावळ्यांनी तिचे डोळे काढले होते. मागच्या अंगाने कुठलं तरी जनावर तिला अर्धवट खाऊन गेलं होतं... आणि नानांच्या पायाचा आवाज ऐकून ती ओरडली. ओळखून. त्यांनी तिथे जे करायचं ते केलं. वडील मरेपर्यंत त्यांनी हे त्यांना सांगितलं नाही.

मी पिकअपमधली पाण्याची बाटली काढून त्यांना दिली.  त्यांनी तोंड धुतलं आणि आम्ही घरी आलो. ते डोळे झाकणं, ते लंगडं पिल्लू लगेच मोकळं करणं, सगळं मला त्या दिवशी कळलं. इतकं कळूनही पुढे मी जे केलं, ते लिहायला मला सहा आठवडे लागले आहेत.

गेल्या उन्हाळ्यात तालुक्याला एक तरुण पशुवैद्य बाई बदलून आल्या. त्यांनी आमच्या गावातल्या पोल्ट्रीवाल्यांची डेअरीच्या हॉलमध्ये बैठक बोलावली. त्यांचं म्हणणं साधं होतं. पकडताना एका हातात दोनच पक्षी, पिंजरे ठासून भरायचे नाहीत, उन्हात भरलेली गाडी उभी करायची नाही. एकट्यादुकट्याने सांगितलं तर व्यापारी ऐकणार नाही, पण गावातल्या सगळ्या शेडवाल्यांनी मिळून ठरवलं तर त्याला ऐकावं लागेल. हॉलमध्ये चाळीस-एक माणसं होती, मालक होते, शेड सांभाळणारे होते, दाराशी बायका उभ्या होत्या. बाईंनी विचारलं, कुणाला काही बोलायचंय का, आणि नाना उठले. चार माणसांत कधी न बोलणारा माणूस, पण त्या दिवशी बोलला. "आपल्या भरवशावर जगतंय म्हनून ते आपल्या हातात सापडलंय," ते म्हणाले. "चाळीस दिस आपुन त्याला लेकरागत वाढवतो. शेवटच्या घटकाभरात त्याचं हातपाय मोडून का द्यायचं? मला तरी पटत न्हाई." आणि बाईंचं म्हणणं मान्य म्हणून त्यांनी हात वर केला. आणखी पाच-सहा हात वर गेले. मग आणखी दोन.

माझ्या शेजारी बसलेल्यांनी मला कोपराने ढोसलं. "तू बोल की, तुला येतं." लिफ्टिंगला दुप्पट वेळ लागला तर व्यापारी गाडी दुसऱ्या गावाला नेईल, पक्षी शेडमध्ये राहिले तर रोज खाद्य खातील, ही भीती सगळ्यांना होती आणि ती मांडली असती तरी पुरे होतं. ती भीती खोटी नव्हती. पण नानांकडे बघून हात वर जात होते आणि माझाच माणूस माझ्याविरुद्ध गाव जिंकतोय हे मला सहन होईना. बोलणाऱ्याचे एरंड विकतात, न बोलणाऱ्याचे गहू विकत नाहीत, असं म्हणतात. त्या दिवशी हॉलमध्ये गहू विकला जात होता, आणि माझं डोकं फिरलं.

मी उभा राहिलो आणि म्हणालो, "मंडळी, नानांना मुक्या जिवाची एवढी कणव, तर त्यांना विचारा, घाटात पाय मोडलेल्या मेंढीचं काय केलं. जिवंत सोडून आले तिला! कावळ्यांनी डोळे काढले तिचे. आणि तळावर येऊन बापाला सांगितलं, कापली म्हणून. आता हे आपल्याला शिकवणार कोंबडी कशी धरायची?"

लोक हसले. फार मोठ्याने नाही, पण हसले. नानांनी माझ्याकडे बघितलं, मग दाराकडे, आणि हात खाली घेतला. कुणी दमात घेतल्यासारखा पटकन नाही, सावकाश. बाकीचे हातही खाली आले. पशुवैद्य बाई काहीतरी बोलत राहिल्या, पण बैठक संपली होती. बाहेर आल्यावर मला कुणीतरी पाठीवर थाप मारून चहा पाजला आणि सांगायला लाज वाटते, तो चहा मला गोड लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना नेहमीच्या वेळी शेडवर होते. मी मुद्दाम काहीच झालं नाही असा चेहरा करून पक्ष्यांच्या वजनाचं विचारलं. त्यांनी सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "तुमी बगून घ्या एकदा, मालक." वकील नाही, तू नाही. तुम्ही आणि मालक. मला कुणी थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं. आज माफी मागू, उद्या मागू असं करत मी भलताच मार्ग काढला : त्यांना चिडवायला लागलो. पूर्वीचे सगळे मुद्दे मी परत उकरून काढले. "नाना, कोंबडीला काय कळतं हो?" ते म्हणायचे, "तुमी म्हनता तसं." नऊ वर्षांत ज्या माणसाने माझं एकदाही मान्य केलं नाही, तो आता प्रत्येक गोष्ट मान्य करत होता. पुढच्या लिफ्टिंगला ते शेडमध्ये आलेच नाहीत. पाण्याच्या टाकीजवळ पाठमोरे उभे राहिले. गडी पाच-पाच पक्षी उलटे नेत होते आणि हे थांबवायला मी फक्त तोंड उघडायचं होतं. ज्या तोंडाचा मला एवढा गर्व, ते त्या दिवशी उघडलं नाही. त्यानंतर पाच महिन्यांनी त्यांच्या छातीत दुखायला लागलं.

ते गेल्यानंतरच्या बॅचला मी माझ्या शेडवर सांगितलं, एका हातात दोनच. गड्यांनी तोंडं वाकडी केली, एक गाडी अर्धी भरून निघून गेली, पक्षी चार दिवस जास्त राहिले. काही बुडालो नाही. नाना असताना हे करायला मला काय झालं होतं, हे मला कुणी विचारू नये म्हणून मी आजकाल डेअरीवर थांबत नाही.

मागच्या आठवड्यात वहिनींकडे गेलो. दहाव्याला, तेराव्याला गर्दीत गेलो होतो, पण गर्दीत जाणं सोपं असतं. त्या ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. मीही बसलो आणि शेंगा फोडायला लागलो. त्यांनी विचारलं, "लंगडी पिल्लं आता कोन बगतं?" मी खरं सांगितलं, की नव्या माणसाला जमत नाही, मलाही जमत नव्हतं, पण आता मीच करतो आणि अजून एका झटक्यात होत नाही. "पयल्यांदा न्हाईच हुत," त्या म्हणाल्या.

मग मी म्हणालो, "वहिनी, मी त्या दिवशी हॉलमध्ये जे बोललो..."

"ऱ्हाऊ द्या, भाऊजी."

"नाही. ते त्यांनी मला विश्वासाने सांगितलं होतं. मी चुकलो. तुमचा माझ्यावर राग असेल."

त्यांनी हातातली शेंग फोडली, दाणे सुपात टाकले. "राग आला, पन तुमचा न्हाई. त्यांचा आला," त्या म्हणाल्या. "चाळीस वर्सं संसार केला म्या. मेंढीचं मला कदी सांगितलं न्हाई त्यांनी. झोपंत दचकून उठायचं, म्या इचारायची, काय झालं, तर म्हनायचं काय न्हाई. त्या दिशी म्या दाराशी हुते. सगळ्या गावाबरूबर मला कळलं. तुमच्या तोंडनं."

मला हे माहीत नव्हतं. म्हणून ते दाराकडे बघत होते... मी शेंगा फोडायचा थांबलो.

"घरी आल्यावं म्या भांडले," त्या सांगत होत्या. "म्हनलं, मला का न्हाई सांगितलं? आन् गावात दुसरं कुनी गावलं न्हाई, त्या बोलघेवड्याला सांगितलं?"

"काय म्हणाले?"

"आदी ओट्यावं जाऊन बसलं. मग म्हनले, वकील कदी गप बसत न्हाई गं. त्या दिशी पुलापाशी पयल्यांदा गप बसला हुता. मला वाटलं, ह्यो ऐकतोय."

मी खरंच ऐकत होतो, नाना. पण हे आता कोणत्या तोंडाने सांगू?